डॉक्टरांचं माप

मास्तरांना सूड घ्यायचा होता, आणि तो डोकं ठिकाणावर ठेवून घ्यायचा होता. ही दुसरी अट फार महत्त्वाची. तुम्ही-आम्ही चिडून टेबलावर मूठ आपटली तर लोक म्हणतात, चिडलाय, जाऊ दे. मास्तरांनी आपटली असती तर लोक म्हणाले असते, पुन्हा सुरू झालं वाटतं. थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, लगेच फोन लावला असता, डॉक्टरांनी फोनवरूनच औषध वाढवलं असतं, आणि सूड राहिला बाजूला, मास्तर आठवडाभर डोळे अर्धे मिटून पडून राहिले असते. तेविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं त्या दिवसापासून मास्तरांचा राग मास्तरांचा राहिलाच नव्हता. तो आजाराच्या नावावर लागायचा.

आणि सूड घ्यायचा होता तो नेमका त्याच डॉक्टरांवर.

मास्तर म्हणजे पुरुषांचे सूट शिवणारे शिंपी. वय त्रेचाळीस. दुकान एका खोलीचं, पण त्या खोलीत सगळं जिथल्या तिथे: समोर माणसाएवढा आरसा, आरशापुढे उभं राहायला लाकडी पाट, मध्ये कापायचं लांब टेबल, मागे दोन मशिनं, आणि खिडकीपाशी उजेडात एक खुर्ची. त्या खुर्चीवर बसून मास्तरांची बायको काज-बटण करायची. शहरातल्या निम्म्या प्रतिष्ठित पोटांचे घेर मास्तरांच्या मापवहीत होते. कोणाचा एक खांदा उतरलेला, कोणाच्या पायात फरक, कोणाला पोट आत ओढून माप द्यायची खोड, सगळं मास्तरांना ठाऊक. पण बाहेर कोणाजवळ अवाक्षर नाही. गिऱ्हाइकाचं शरीर हे गिऱ्हाइकाचं असतं, एवढी अक्कल शिंप्याला असते.

आता खरं तेही सांगायला हवं. डॉक्टरांनी मास्तरांचं भलं केलं नव्हतं असं नाही. डाव्या कानामागे राहणारा एक आवाज मास्तरांच्या प्रत्येक टाक्यावर शेरे मारायचा, वाकडा गेला, वाकडा गेला, उसव. मास्तर उसवायचे. दिवसभरात एक बाही पुरी व्हायची नाही. डॉक्टरांच्या औषधाने तो आवाज गप्प झाला तो अकरा वर्षं गप्पच होता. त्याबद्दल मास्तर डॉक्टरांचे उपकार मानायचे. सूड होता तो दुसऱ्या गोष्टीचा.

तीन वर्षांपूर्वी मास्तरांचं लग्न झालं. बायकोला आजाराचं सगळं आधी सांगितलं होतं. ती स्वतः चाळिशीला आलेली, तोंडाने फटकळ, हाताने बारीक काम करणारी. ती म्हणाली, "आवाज येतात तर येऊ देत, दारू पिणाऱ्यापेक्षा बरं." पहिले काही महिने दोघं इतके सुखात होते, की दुकान उघडायला उशीर व्हायला लागला. गिऱ्हाइकं दात काढायची आणि मास्तर खाली मान घालून मशिन चालवायचे.

मग डॉक्टरांनी गोळ्या बंद करून महिन्याचं इंजेक्शन सुरू केलं. रोज लक्षात ठेवायची कटकट नको म्हणून. चार-पाच महिन्यांत मास्तरांचं शरीर मुकं झालं. आडपडदा न ठेवता सांगायचं तर, बायकोजवळ गेले की काही होईना. आधी नुसतं होईना, मग इच्छाही होईना. इच्छा होत नाही याचं दुःख तेवढं जागच्या जागी राहिलं. वर छाती दुखायला लागली. शर्टाचं कापड नुसतं घासलं तरी कळ यायची.

मास्तरांना आधी वाटलं, हे मनाचे खेळ. ज्याला नसलेले आवाज ऐकू आलेत तो स्वतःच्या छातीवर तरी कसा विश्वास ठेवणार? म्हणून त्यांनी टेप लावला. टेपला वेड लागत नाही. पोट होतं तेवढंच, छाती पाऊण इंच वाढलेली. मापवहीच्या शेवटच्या पानावर, नाव न घालता, त्यांनी तारीख आणि माप लिहिलं. पुढच्या महिन्यात पुन्हा. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. छातीच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना होता, त्यात ते दर महिन्याला एकच शब्द लिहायचे: "नाही."

डॉक्टरांच्या खोलीची पद्धत ठरलेली होती. पेशंट भिंतीकडच्या खुर्चीवर, नातेवाईक टेबलासमोरच्या खुर्चीवर. प्रश्न सगळे टेबलासमोरच्या खुर्चीला.

"झोप?"

"लागते," ताई म्हणायची.

"जेवण?"

"व्यवस्थित."

"चिडचिड?"

"छे हो. घरात आहे की नाही तेसुद्धा कळत नाही."

"छान. फारच छान."

घरात आहे की नाही ते कळत नाही, ही सुधारणा. मास्तर भिंतीकडच्या खुर्चीवर बसून डॉक्टरांची कॉलर बघत राहायचे. ती नेहमी अर्धा इंच मोठी असायची. तीन मिनिटांत सगळं आटपायचं आणि शेजारच्या खोलीत नर्स सुई घेऊन तयार असायची.

एकदा ताई बाहेरच्या बाकावर फाइल विसरली आणि ती आणायला गेली. तेवढ्या अर्ध्या मिनिटात मास्तरांनी धीर केला. "डॉक्टर, ते इंजेक्शन घ्यायला लागल्यापासून... बायकोजवळ गेलं की... काहीच जमत नाही. आणि छाती पण..."

तेवढ्यात ताई आत आली. डॉक्टर हसत होते. "ऐकलंत का ताई, मास्तरांना प्रेमाचे वेध लागलेत! अहो मास्तर, आवाज बंद झाले ना? मग आणखी काय पाहिजे? एकाच माणसाला सगळं कुठे मिळतं?" मग ताईकडे वळून, मास्तर खोलीत नसल्यासारखा आवाज खाली आणून म्हणाले, "छातीबद्दल काहीतरी बोलतायत. शरीराविषयीचे भ्रम असू शकतात. आपण डोस जरा वाढवू."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण करतात काय? भडकले असते तर भ्रमाला आणखी एक पुरावा. त्यांनी मूग गिळले, शेजारच्या खोलीत गेले आणि वाढलेला डोस टोचून घेतला. त्या दिवसापासून त्यांनी मनात डूख धरला. रात्रंदिवस नीट घडी घालून ठेवलेल्या कापडासारखा तो त्यांच्याजवळ होता, चुणी न पडता.

ताई मनाने वाईट नव्हती. भावाचं सगळं तिने केलं होतं, न्हाऊमाखू घालण्यापासून दवाखान्यापर्यंत. पण तोंडात तीळ भिजायचा नाही. त्याच संध्याकाळी तिने भावजयीला बाजूला घेतलं आणि मायेने सांगितलं, "त्याच्या मागे लागू नकोस गं. त्याला झेपत नाही ते. डॉक्टरसुद्धा म्हणाले."

मागे लागू नकोस! वर्षभर जी बाई भिंतीकडे तोंड करून झोपत होती, जिने एकदा फक्त "मी नकोशी झालेय का?" एवढंच विचारलं होतं आणि उत्तर न मिळाल्यावर पुन्हा विचारलं नव्हतं, तिला नणंद सांगतेय मागे लागू नकोस. आणि डॉक्टरसुद्धा म्हणाले! म्हणजे माझी बिछान्यातली गोष्ट तिकडे टेबलावर मांडली गेली आणि मला पत्ता नाही. तिने मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, "कामाचा ताण आहे." आणि वळकटी उचलून दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपायला गेले. त्यांच्या मते हे तिला त्रास नको म्हणून. एकदा तोंड उघडलं तर डोस वाढला होता. दुसऱ्यांदा उघडलं तर बायको जाईल, असा त्यांचा हिशोब.

बायको तशीही गेलीच. भावाच्या घरी. कामावर मात्र यायची, दहाला येणार, सहाला जाणार. नवरा-बायकोचं बोलणं एवढंच उरलं होतं:

"किती काजं?"

"पुढे दोन, बाहीला चार-चार."

या महिन्याच्या एक तारखेला तिने सुई थांबवून सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत तोंड उघडा. काय झालंय ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय, ताईंच्या नको. नाहीतर मी दुसरीकडे काम बघते आणि कायमची सुटते." मास्तरांनी मान डोलावली आणि तोंड उघडलं नाही.

अशात एका सकाळी दुकानात कोण यावं? डॉक्टर. बरोबर डॉक्टरीणबाई, हातात गडद निळं कापड. डॉक्टरांच्या सेवेला पंचवीस वर्षं झाली म्हणून मोठ्या सभागृहात सत्कार होता, आणि बाईंनी हट्ट धरला होता की सूट शिवायचा तर मास्तरांकडेच. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. डॉक्टरांनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली आणि त्या दोघांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा माझा पेशंट बरं का. बघा कसा उभा केलाय!"

गिऱ्हाइकांनी मास्तरांकडे बघितलं. एकाने हळूच टेबलावरच्या कात्रीकडेही बघितलं. मास्तर हसले, टेप गळ्यातून काढला आणि डॉक्टरांचं पहिलं माप घेतलं. डाव्या कानामागे कोणी बोलत नव्हतं. जे बोलत होतं ते पोटातून बोलत होतं आणि तो आवाज मास्तरांचा स्वतःचा होता.

पहिला बेत साधा होता. पँटच्या आसनाला, म्हणजे मागच्या मध्यावर, पक्की शिलाई घालायचीच नाही. नुसता कच्चा टाका. डॉक्टर व्यासपीठावर चढून खुर्चीवर बसले, की सगळ्यांसमोर टरकन. मास्तरांनी तसा टाका घातलाही. घालताना त्यांना इतका आनंद झाला, की कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ते गुणगुणले. खिडकीपाशी बसलेल्या बायकोने चमकून वर बघितलं.

मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पँट उसवली तर दोष कोणाचा? वेड्या शिंप्याचा. डॉक्टर बिचारे, पेशंटवर विश्वास ठेवला आणि फसले! म्हणजे डॉक्टर फाटक्या पँटमध्येही मोठे होणार आणि मास्तर पुन्हा सुईखाली जाणार. त्यांनी दातओठ खात टाका उसवला. सूड घ्यायचा तर असा, की त्यात नावं ठेवायला जागा नको. जगातला कुठलाही शिंपी जे करतो तेवढंच करायचं. फक्त त्यांच्या पद्धतीने.

शनिवारी चार वाजता ट्रायल ठरली. डॉक्टर वेळेवर आले. मास्तरांनी डॉक्टरीणबाईंना आरशासमोरची चांगली खुर्ची दिली आणि डॉक्टरांना पाटावर उभं केलं. कच्ची पँट अंगावर चढवून मास्तरांनी टाचण्या लावायला सुरुवात केली. कंबरेला, बाजूंना, आणि मांड्यांच्या आतल्या शिलाईला एकीशेजारी एक, जरा जास्तच. खिडकीपाशी बायको कोटाची काजं विणत होती.

"हलू नका साहेब," मास्तर म्हणाले. "टाचण्या नाजूक जागी आहेत."

डॉक्टर खांबासारखे उभे राहिले. मास्तरांनी त्यांच्याकडे पाठ केली आणि खुर्चीकडे वळले.

"बाई, कंबरेत?"

"जरा घट्टच ठेवा," बाई म्हणाल्या. "पोट सुटलंय, पण त्यांना कळत नाही."

"अगं, घट्ट कशाला, मला..." डॉक्टर म्हणाले.

"हलू नका. बाई, बसताना?"

"बसतात फार. दिवसभर बसूनच असतात. सैल बरं."

"मोहरी? खाली पायाशी?"

"अरुंद नको. पाय बारीक आहेत त्यांचे, कोंबड्यासारखे दिसतात."

"मला वाटतं," डॉक्टर म्हणाले, "अरुंद जास्त..."

"छान," मास्तर बाईंना म्हणाले. "फारच छान." आणि वहीत लिहिलं.

डॉक्टर आरशातून दोघांकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना हे बोलणं कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत असावं, पण ते दुसऱ्या खुर्चीतून ऐकलेलं असल्यामुळे ओळख पटत नव्हती. बाई मात्र खुलल्या होत्या. नवऱ्याबद्दल त्यांना कोणी इतक्या अदबीने आणि इतक्या बारकाईने कधी विचारलं नव्हतं.

मास्तरांनी खडू हातात घेतला. "आता शेवटचं. बाई, साहेब कुठल्या बाजूला ठेवतात?"

"काय कुठल्या बाजूला?"

मास्तरांनी खडूच्या टोकाने पँटच्या चेनच्या जागेकडे दाखवलं. "हे. प्रत्येक पुरुषाला विचारावं लागतं. ज्या बाजूला असेल त्या बाजूला कापड थोडं जास्त सोडतो, म्हणजे पँट नीट पडते. डावीकडे की उजवीकडे?"

दुकानात सुई पडली तरी ऐकू आली असती. खिडकीतली सुई थांबलीच होती. डॉक्टरांचे कान लाल झाले. डॉक्टरीणबाईंनी पदर तोंडाला लावला, हसू दाबलं, आणि खरोखर विचार केला.

"डावीकडे असावं," त्या म्हणाल्या. "खरं सांगू का मास्तर, बघून बरेच दिवस झाले."

"अगं!" डॉक्टर म्हणाले.

"काळजी नको," मास्तर बाईंना म्हणाले. आवाज खाली आणला, गंभीर केला. "या वयात होतं असं. पण सगळं जागेवर आहे ना? नाहीतर उगाच कापड कशाला सोडायचं. कंबर तर झकास बसतेय, मग आणखी काय पाहिजे?"

"मास्तर!" डॉक्टर ओरडले. ते पाटावरून उतरायला गेले आणि दोन टाचण्या एकदम लागल्या तसे पुन्हा ताठ झाले. "हे काय चाललंय? मला विचारा ना! पँट मी घालणार आहे! शरीर माझं आहे, तिला काय विचारताय!"

मास्तरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. अकरा वर्षं हे वाक्य त्यांच्या घशात अडकलं होतं. ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकताना त्यांना इतकं बरं वाटलं, की क्षणभर त्यांना पुढचं काही नकोच झालं.

"हेच," ते म्हणाले. "डॉक्टर, मी भिंतीकडच्या खुर्चीवर बसून हेच म्हणत होतो."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. आणि मास्तरांनी ज्याची धास्ती घेतली होती ते झालं. डॉक्टरांचा चेहरा मऊ झाला, डोळे बारीक झाले, आवाजात साखर आली. "मास्तर, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? ताईंना बोलावू या का आपण?"

"नको," मास्तर म्हणाले. "मीच सांगतो. झोप सात तास. जेवण दोन्ही वेळा. आवाज नाही. इंजेक्शन एकदाही चुकवलेलं नाही. चिडचिड आहे. ती माझी आहे, आजाराची नाही." त्यांनी मापवहीचं शेवटचं पान उघडलं आणि डॉक्टरांच्या नाकासमोर धरलं. "आणि हा तुमचा भ्रम. बावीस महिन्यांचा. माझीच छाती आहे, माझाच टेप. पोट बघा, तेवढंच आहे. शेजारच्या रकान्यात काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा."

डॉक्टरांनी वही हातात घेतली. हात हलवता येत होते, बाकी काही नाही. त्यांनी पान वरून खाली वाचलं, मग पुन्हा खालून वर. मोठ्याने त्यांनी काही वाचलं नाही. तो "नाही" बावीस वेळा मोठ्याने वाचायला छाती लागते.

"काय आहे हो?" बाईंनी विचारलं.

"औषधाचा परिणाम," डॉक्टर म्हणाले. आवाजातली साखर गेली होती. "या इंजेक्शनने रक्तात प्रोलॅक्टिन नावाचा एक घटक वाढतो. मग इच्छा जाते, ताकद जाते, छाती वाढते, दुखते. पुरुषांना होतं, बायकांनाही होतं. त्यांची पाळी थांबते, कधी दूध येतं." ते थांबले. "रक्त तपासलं की कळतं. औषध बदलता येतं, कमी करता येतं. उपाय आहे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत असतंच."

"किती जणांना होतं हे?"

"बऱ्याच जणांना."

"पंचवीस वर्षांत किती जणांना विचारलंत?"

आरशात सगळ्यांना सगळे दिसत होते, त्यामुळे नजर वळवायला डॉक्टरांना जागा नव्हती. डॉक्टरीणबाईंचं हसू कधीच गेलं होतं. त्या नवऱ्याकडे अशा बघत होत्या, की घरी गेल्यावर हा विषय संपणार नाही हे मास्तरांना स्पष्ट दिसलं. सभागृहात आठ दिवसांनी टाळ्या वाजतील तेव्हा पहिल्या रांगेत याच बाई बसलेल्या असतील. पँट फाडून मिळाला नसता एवढा सूड मास्तरांना न फाडता मिळाला.

"मंगळवारी या," डॉक्टर शेवटी म्हणाले. "आधी रक्त देऊन या. एकदम बंद मात्र करू नका काही."

"बंद करणार नाही. मूर्ख नाही मी. एकटा येईन, आणि टेबलासमोर बसेन."

"बसा."

मग मास्तर गुडघ्यावर बसले आणि एकेक टाचणी काढली, सावकाश, एकही न टोचता. "आणि साहेब, बाजू?"

"डावी," डॉक्टर पुटपुटले.

मास्तरांनी वहीत लिहून घेतलं.

गाडी निघून गेल्याचा आवाज आला आणि मास्तरांनी टेबलाला टेकून मोठा श्वास सोडला. अंग हलकं झालं होतं. वर्षानुवर्षांचा वचपा निघाला होता, तोही एक शब्द वावगा न बोलता, कोणाला वेडा म्हणायला फट न ठेवता. आणि खिडकीपाशी साक्षीदार होती. तिच्या कानावर सगळं गेलं होतं. महिनाअखेरच्या आत तोंड उघडलं होतं! मास्तर हसतच वळले. आता ती काय म्हणेल याची त्यांना जवळजवळ खात्री होती.

बायको उभी होती. हातातला निळा कोट तिने खुर्चीच्या पाठीवर नीट टाकला होता.

"ऐकलंस ना?" मास्तर म्हणाले. "इंजेक्शनमुळे. तुझं काही नव्हतं. औषध बदलणार आहेत."

"ऐकलं," ती म्हणाली. "डॉक्टरांना सांगताना ऐकलं. त्यांच्या बायकोला सांगताना ऐकलं. मला कधी सांगितलंत?"

"आत्ता तुझ्यासमोरच तर..."

"माझ्यासमोर. मला नाही." तिने टेबलावरची मापवही उचलली आणि शेवटचं पान उघडलं. "बावीस महिने. दर महिन्याला वहीला सांगत होतात. मी पाच हातांवर बसलेली असायची. मी सहा वाजता भावाकडे जायचे आणि दार लावून आरशात बघायचे, माझ्यात काय बिघडलंय म्हणून. अंगाला वास येतो का, म्हणून दोनदा आंघोळ करायचे. वहिनीला वाटायचं मला घाम येतो. एकदा वाटलं तुमची दुसरी कोणी आहे. तेच बरं वाटलं मला, माहितीये? निदान कारण तरी मिळालं."

मास्तरांनी तिच्या हातातली वही घेऊन मिटली.

"भीती वाटायची," ते म्हणाले. "एकदा बोललो तर डोस वाढला. तुला सांगितलं असतं तर तू गेली असतीस."

"मी गेलेच की." ती जवळ आली. डोळे कोरडे होते आणि आवाज अजिबात चढलेला नव्हता. मास्तरांना तो आवाज ओळखीचा वाटला. मघाशी त्यांनी स्वतः तोच लावला होता. "तुम्हाला कोणी विचारलं नाही म्हणून तुम्ही एवढ्या मोठ्या डॉक्टरला पाटावर उभं करून टाचण्या लावल्यात. चांगलं केलंत. मला आवडलं. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. आता सांगा, मला दोन वर्षं कोणी विचारलं नाही. मी तुम्हाला कुठे उभं करू?"

बाहेर चांगलं ऊन होतं. रस्त्यावरून माणसं जात होती, एकाने काचेतून आत डोकावून बघितलं आणि पुढे गेला. मास्तरांना वाटलं, गुडघे टेकावेत, माफी मागावी. पण माफी मागितली असती तर तिला ती द्यावी लागली असती, आणि आत्ता तिच्याकडून काही मागायचा आपल्याला हक्क नाही एवढं त्यांना कळलं. त्यांनी स्टूल ओढलं, तिच्यासमोर बसले.

"तुला काय झालं होतं?" त्यांनी विचारलं. "या दोन वर्षांत. सांग."

"सांगते. पण समजूत घालायची नाही. उपाय सांगायचा नाही. आणि रडलात तर मी उठून जाईन, कारण मग मलाच तुमचे डोळे पुसावे लागतील."

"बरं."

तिने दुकानाचं दार आतून लावून घेतलं, पाटी उलटी केली आणि खुर्चीत बसली. मग ती पहिल्या रात्रीपासून बोलायला लागली, आणि तिने एकही रात्र सोडली नाही.